डॉक्टरांची काठी आणि तुझी पाठ

करीम, तुझ्या मयतीला एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. कापूस बाजारातले दलाल आले, कचेरीतले कारकून आले, जिनिंगचा फिटर अंगावरच्या तेलकट कपड्यांनिशी आला. कब्रस्तानाच्या वाटेवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी गेलो तर आमच्या वस्तीतले लोक तरी इतके जमतील का, याचा हिशेब मी चालता चालता मनात करत होतो. मग खांदा द्यायला पुढं झालो तेव्हा गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "याले येऊ द्या रे, हा करीमचा चेला आहे." खांद्यावर तू होतास, डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या एका शब्दानं माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तू उठून बसला असतास तर मी तिथंच भांडलो असतो.

चेला! आर्णी रोडवरच्या त्या एका छपराखाली आपण इतकी वर्षं बसलो. डावीकडं तुझा खराद, उजवीकडं माझा पाट. तू लाकूड फिरवून लाटणी, भवरे, पाळण्याचे खांब आणि बाजेचे पाय काढायचास. मी दारं, चौकटी आणि शाळांची बाकं करायचो. धंदा भागीचा, चहा भागीचा, पावसाळ्यात गळणारं टीनही भागीचंच. तरी गिऱ्हाईक आलं की माझ्या डोक्यावरून मान उंच करून विचारायचं, "उस्ताद कुठं गेले?" मी समोर करवत घेऊन बसलेला असायचो आणि त्याच्या लेखी तिथं भिंत असायची. "नमाजले गेले," असं मी इतक्या तुटकपणे सांगायचो की माणूस दाराबाहेर उभा राहून तुझी वाट पाहायचा.

खरं म्हणजे तू मला काही कमी दिलं नाहीस. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आमच्या घरानं गावकीची सगळी कामं टाकली. मुकुटबनजवळच्या त्या गावात मग आम्हाला कोणी काम देईना. माझा बाप म्हणाला, "आता कोनाच्या म्होरं वाकाचं नाही. तू शहरात जाय." लाकूड तासायचा एक वाकस खांद्यावर टाकून मी यवतमाळला आलो. गाडीचं चाक भरणं, नांगर तासणं एवढं येत होतं. तेही आपलंआपण शिकलेलं, कारण गावचा सुतार आमच्या वस्तीत येत नसे. तुझ्या दुकानाशी सावलीला उभा राहिलो तर तू गाव विचारलं नाहीस, जात विचारली नाहीस. "करवत धरता येते का?" एवढंच विचारलंस. मी हो म्हणालो. तू दुसरं टोक माझ्या हातात दिलंस आणि संध्याकाळपर्यंत आपण सागाचा ओंडका कापत होतो.

पुढं शिरणीची गोष्ट निघाली आणि तिथंच आपलं बिनसलं. तुमच्या घराण्याचा रिवाज होता. ज्याला हात शिकायचा त्यानं शिरणी आणायची, चार माणसांत वाटायची, गुडघ्याला हात लावून 'उस्ताद' म्हणायचं. मग उस्ताद त्याला हात दाखवणार. शागीर्द झाल्याशिवाय शेवटचं काम, जोडाचं, कोणाला दाखवायचं नाही. तू हे अगदी सहज सांगितलंस, बाजार कोणत्या दिवशी भरतो ते सांगावं तसं.

"मी कोनाच्या गुडघ्याले हात लावत नाही," मी म्हणालो. "कालच वाकनं सोडून आलो. आज तुह्यापुढं कायले वाकू?"

"वाकू नको न बावा," तू म्हणालास. "मी कुठं म्हनलं? रिवाज सांगितला फक्त. माह्या बापानं मले कसम घातली आहे."

"मंग नको शिकवू."

"बरं."

तुझ्या त्या 'बरं'चा मला जन्मभर राग आला. तू चिडला असतास तर बरोबरी झाली असती. पण त्या दिवसापासून काम नाजूक वळणावर आलं की तू फक्त पाठ फिरवायचास. रुसवा नाही, घुस्सा नाही. नुसतं वळून बसायचास, तुझा मळका सदरा माझ्याकडं आणि हात भिंतीकडं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तुझी मूठ मी पाहिलीच नाही, पाठ मात्र मला पाठ झाली.

माझ्या घरातही तूच. माझी बायको पोळ्या करताना म्हणायची, "करीमभाईचं लाटनं कसं आपोआप फिरते, हाताले जोरच लागत नाही." मी ईर्षेनं तिला शिसवीचं लाटणं करून दिलं. तिनं ते कौतुकानं घेतलं, हळदकुंकवाच्या डब्यामागं उभं केलं आणि पोळ्या तुझ्याच लाटण्यावर चालू ठेवल्या. विचारलं तर म्हणाली, "चांगलं आहे न, खराब कायले करू?" मारक्या म्हशीसारखा तिच्याकडं नुसता बघत राहिलो.

आणि मग डॉक्टरांची काठी आली.

तिला ते क्यू म्हणायचे, आपण काठी म्हणायचो. क्लबात हिरव्या कापडाच्या मेजावर गोट्या ढकलायची ती काठी. डॉक्टर कलकत्त्याला शिकायला होते तेव्हा तिथल्या एका कारागिरानं त्यांच्या हाताचं माप घेऊन ती बनवली होती. पुढचा निमुळता भाग फिकट विलायती लाकडाचा, मुठीकडचा काळाभोर अबनूस. जिथं काळं-पांढरं भेटायचं तिथं दोन्ही लाकडं बोटांत बोटं घातल्यासारखी एकमेकांत शिरलेली. मुठीवर शिंपल्यात त्यांची अक्षरं बसवलेली. तो कारागीर कधीच मेला होता, त्याच्या हातच्या काठ्या लोक आता कपाटात जपून ठेवायचे. डॉक्टर ती मखमलीच्या पेटीत ठेवत.

ती मोडली कशानं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी तोंडात धोतराचा सोगा कोंबला होता. वैशाखात त्यांची बहीण माहेरी आली आणि शेवयांचा घाट घातला. हाताच्या लांब शेवया वाळवायच्या तर दोन बाजांवर आडवी काठी हवी. बांबूला शेवया चिकटतात. पेटीत ही एवढी गुळगुळीत काठी पडलेली! बहिणीनं ती काढली, धुतली, उन्हात दोन बाजांवर टाकली आणि ओल्या शेवयांनी भरली. असं दिवसांमागून दिवस. मग आर्णीचे व्याही आले, त्यांनी सावलीसाठी बाज ओढली, काठी खाली पडली आणि ते टेकले तेव्हा बाजेचा पाय नेमका तिच्यावर आला.

डॉक्टरांनी पेटी उघडली तर काठी बाकदार झालेली, सांधा उकललेला, अबनुसाचा एक टवका उडालेला, आणि अक्षरांच्या खाचेत पीठ. माणूस रडवेला झाला होता. मी सांगणार होतो की साहेब, पुढचा भाग पार गेला, नवा करून देतो. तेवढ्यात तू नखानं खाचेतला एक वाळका तुकडा काढलास, तोंडात टाकलास आणि चावून म्हणालास, "डॉक्टरसाहेब, बहिनीच्या हाताले मोठा कस आहे."

डॉक्टर हसले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. बस, काठी तुझी झाली. मला जन्मात असं काही सुचलं नसतं, आणि ते मला तेव्हाच कळलं.

त्यावरून आपलं केवढं वाजलं! मी म्हणायचो, वाकलेला भाग टाकून दे, सागाचा किंवा शिवणीचा नवा भाग जोडू, सरळ होईल, मजबूत होईल. तू ऐकेनास.

"नवी काठी पाह्यजे असती तं डॉक्टर आपल्याकडं कायले आले असते?"

"अरे, पन वाकली न ते."

"वाकली तं सरळ करू. म्हातारं मानूस वाकलं म्हनून बदलते का कोनी?"

"मानूस नाही ते, लाकूड आहे."

"तुले काय फरक वाटते?" तू विचारलंस आणि पाठ फिरवलीस.

हे भांडण आपण पुढं कितीदा काढलं. दाराची चौकट असो की मोडका पाळणा, मी म्हणायचो नवं टाक, तू म्हणायचास आहे ते वाचव. आजही मला वाटतं की निम्म्या वेळा माझंच बरोबर होतं. पाटलांचा तो पाळणा तू वाचवलास आणि वर्षाच्या आत तो खाली आलाच की नाही? पोरगं त्यात नव्हतं म्हणून बरं. हे तुला कबूल करवायचं राहून गेलं.

अबनुसाचा टवका कुठून आणायचा हा प्रश्न होता. तो मी सोडवला, हे एकदा तरी नोंदवून ठेवतो. आमच्याकडं तेंदूची झाडं रग्गड. लोकांना त्याची पानं माहीत, विड्यांची. पण झाड फार जुनं झालं की त्याच्या पोटातलं लाकूड काळं होतं, आणि तोच आपल्याकडचा अबनूस. माझ्या मामाच्या घरी तसल्या खोडाचं जुनं मुसळ होतं. मी मुकुटबनला जाऊन, मामीच्या शिव्या खाऊन, त्याचा तुकडा कापून आणला. तू तो उन्हात धरलास, ओला करून पाहिलास, वास घेतलास. "अव्वल लाकूड आहे," म्हणालास. लाकूड अव्वल! आणणारा कोणी नाही. चहाच्या टपरीवर लोक म्हणायला लागले, उस्तादनं जंगलातून अबनूस शोधून आनला म्हनते. मी कप तसाच ठेवून उठलो.

पावसाळाभर ती काठी छपराच्या आढ्याला लटकत होती. ओल्या फडक्यात गुंडाळून, शेकून, उलटी दाबून तू तिचा बाक थोडाथोडा काढायचास आणि मग खाली वजन बांधून टांगून ठेवायचास. हवा दमट होती तोवर तिला घाई केली नाहीस. डॉक्टर दर बाजाराच्या दिवशी येऊन वर पाहून जायचे. मग सरसानं लाकूड चिकटवायचं, जोडाचं काम आलं आणि तू वळून बसलास. भिंतीशी बोलायला लागलास.

ही तुझी जुनी खोड. पाठ फिरवली की तुझं तोंड सुरू व्हायचं. "आता थांब. आधी लाकूड कोमट होऊ दे. थंड्या लाकडाले गरम सरस लावला तं तो वरच्यावर बसते, आत जात नाही." मग न थांबता असंच. "सरस उकळू नको देऊ, उकळला की मेला. बोटाले चटका बसला पाह्यजे, फोड नाही." मी त्याची नक्कल करून टपरीवर लोकांना हसवायचो. करीमचं लाकडाशी बोलणं, म्हणायचो. लोक हसायचे आणि मग म्हणायचे, उस्ताद लोक असेच असतात बावा. म्हणजे तिथंही तूच.

दसऱ्यानंतर काठी तयार झाली. डॉक्टरांनी ती डोळ्याशी धरली, मेजावर लोटली, ती न डगमगता सरळ घरंगळली. अबनुसाचा टवका कुठं बसवला ते त्यांना सापडेना. मलाही सापडला नसता, मी मुसळ कापलं नसतं तर. त्यांनी तुझा हात धरला. "उस्ताद, चला, क्लबात. पहिला फटका तुम्ही मारायचा."

तू माझ्याकडं वळलास. "हा बी येते, साहेब."

"येऊ दे की."

"मले काम आहे," मी म्हणालो आणि रंधा मारायला लागलो. काम कसलं, सरळ फळी उगीच सोलत होतो. तू दारात जरा थांबलास, मग गेलास. परत आल्यावर तू काही सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. तू फटका मारलास का, गोटी भोकात गेली का, साहेब लोकांनी तुला खुर्ची दिली का, मला सगळं ऐकायचं होतं. माझं कुतूहल आणि माझा हेका यांत हेका नेहमीच जिंकतो, तुला माहीत आहे.

पुढं तुझा दमा वाढला. खरादाचा भुसा छातीत बसला. तरी माणसं तुझ्याच हातची लाटणी मागायची आणि मी काढलेली 'करीमची' म्हणून खपायची. शेवटी शेवटी तू खाटेवरून विचारायचास, "आज काय केलं?" मी सांगायचो. तू डोळे मिटून ऐकायचास आणि म्हणायचास, "हं." चांगलं झालं असेल, असं एकदा म्हणाला असतास तर तुझं काय गेलं असतं? मी त्या एका शब्दासाठी रोज तुझ्या घरी येत होतो. भाभीला वाटायचं मी तुझी विचारपूस करायला येतो.

तू गेल्यावर आठवड्यानं डॉक्टर दुकानात आले. हातात ती पेटी. तुझ्या खरादाकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "करीम गेला. आता हिला कोण पाहणार?" मी समोर होतो, करीम. पाटावर, करवत घेऊन. काळ्या-पांढऱ्याच्या सांध्यात केसाएवढी फट पडली होती. सरसाचं वय झालं होतं, दोष कोणाचा नाही.

"ठेवा, साहेब," मी म्हणालो.

"तू?" त्यांनी पेटी छातीशी धरली. मग माझ्या पाटावर टेकवली. "बघ बुवा. नाही जमलं तर तशीच परत दे."

ते गेल्यावर मी दार लोटून घेतलं. मनात काय होतं ते सांगतो. तुझा सगळा जोड कापून काढायचा, माझ्या मताप्रमाणं नवं लाकूड घालायचं, म्हणजे त्या काठीत शेवटी काहीतरी माझं असेल. करवत हातात घेतली होती. पण आधी सांधा उकलून पाहावा म्हणून तो शेकायला धरला, आणि माझ्या तोंडातून निघालं, "आता थांब. आधी लाकूड कोमट होऊ दे."

मी थबकलो. पुढचंही आलं. सरस किती भिजवायचा, कोणत्या वासाला उतरवायचा, सायकलच्या ट्यूबची पट्टी कोणत्या बाजूनं गुंडाळायची, जास्तीचा सरस कधी पुसायचा, तो पूर्ण वाळायच्या आत का नाही. सगळं शब्दाला शब्द. मी हे कुठं पाहिलं नव्हतं. ऐकलं होतं, टपरीवर नक्कल करून करून घोकलंही होतं.

आणि मग माझ्या ध्यानात आलं ते असं. घरी भाभीशी तू तुमच्या हिंदीत बोलायचास. खरादाला शिव्या द्यायचास त्या हिंदीत. बोट कापलं तर 'या अल्ला' म्हणायचास. मग भिंतीकडं तोंड करून लाकडाशी तू वऱ्हाडीत कायले बोलत होतास? त्या दुकानात वऱ्हाडी ज्याची घरची भाषा होती असा माणूस एकच होता. बापाची कसम तू मोडली नाहीस. हात दाखवला नाहीस. पण पाठ फिरवून वर्षानुवर्षं मला ऐकवत राहिलास, आणि मी लोकांना हसवत राहिलो.

मी तिथं बसून रडलो, आणि रडताना तुझा रागही आला. इथंही तूच मोठा! उपकार करायचा आणि कळू द्यायचं नाही, म्हणजे समोरच्याला परतफेडही करता येऊ नये. तू लाकडाशी बोलत होतास की माझ्याशी, हे तुला विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर तू 'बरं' म्हणाला असतास आणि मी पुन्हा चिडलो असतो. करवत मी खुंटीला लावली. तुझा जोड तुझ्याच रीतीनं उकलला, पुसला, शेकला आणि बसवला. 

काल काठी घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. बाकावर पेशंट बसले होते, कंपाउंडर पुड्या बांधत होता. डॉक्टरांनी काठी तपासायच्या मेजावर लोटली. ती सरळ गेली. मग त्यांनी चष्मा वर करून सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"पाहा," ते कंपाउंडरला म्हणाले, "हा करीमचा जोड. माणूस गेला, काम बोलतं आहे."

मी गप्प बसावं हे शहाणपणाचं होतं. मला ते कधी जमलं आहे?

"जोड माहा आहे, साहेब. कालच बसवला."

त्यांनी वर पाहिलं. बाकावरच्या माणसांनी पाहिलं. त्यात टपरीवरचे दोघं होते, ज्यांच्यापुढं मी शंभरदा छाती ठोकून सांगितलं होतं की मी कोणाचा चेला नाही, आपलंआपण शिकलो.

"तुझा?" डॉक्टर म्हणाले. "खरंच? कुठं शिकलास हे?"

करीम, माझ्या बापानं सांगितलं होतं, कोणापुढं वाकायचं नाही. मी वाकलो नाही. ताठ उभा होतो, हात बाजूला होते, आणि आवाज दवाखान्याबाहेर ऐकू जाईल एवढा मोठा काढला.

"करीम उस्तादनं शिकवलं," मी म्हणालो.

तुला ऐकू आलं असेल तर फार फुगू नकोस. जोड माझाच आहे.